न चावलेला घास

गाडी दुरुस्त झाली की मिस्त्री डोक्यावरची पांढरी टोपी काढायचे. इंजिन चालू करायला सांगायचे, गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसायचे आणि ती टोपी सायलेन्सरच्या तोंडासमोर धरायचे. "दाब!" असं ओरडले की ड्रायव्हरने पाय दाबायचा. इंजिन गुरगुरायचं, मागची धूळ उडायची, मिस्त्री मात्र डोळे बारीक करून तसेच बसलेले. मग ती टोपी उन्हात धरून न्याहाळायची. तिच्यावर काजळी दिसली तर गाडी परत शेडमध्ये. नुसती गरम झाली असेल तर टोपी झटकून डोक्यावर चढवायची आणि म्हणायचं, "जा घिऊन."

हे बघून नवखं गिऱ्हाईक हसायचं. जुनं गिऱ्हाईक हसत नसे, कारण पुढचं वाक्य त्याला पाठ असे. "इंजिनाला पोटभर घाला, पण चावून खाऊ द्या. धूर म्हंजे न चावलेला घास."

ज्यांचा डिझेलच्या इंजिनाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या इंजिनात तेल जातं ते एका छोट्या पिचकारीतून. तिला इंजेक्टर म्हणतात, मिस्त्री पिचकारीच म्हणायचे. पिचकारीने तेलाचं धुकं केलं तर ते सगळं जळतं आणि गाडी ओढते. धुक्याऐवजी थेंब पडले तर ते अर्धवट जळतात आणि मागून काळा धूर होऊन बाहेर येतात. ती पिचकारी नीट बसवणं, तिच्यातली केसासारखी नाजूक सुई सांभाळणं, हा मिस्त्रींचा धंदा. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात तेव्हा हे काम जाणणारा दुसरा कोणी माझ्या पाहण्यात नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःही रोज एकदा तरी सांगत. विनय हा गुण त्यांच्या अंगी नव्हता.

दुसरी मोठी लढाई नुकती संपली होती. मी साताऱ्याचा. मॅट्रिक होऊन नोकरी धरायची सोडून लष्कराच्या लिलावातली एक जुनी डिझेल लॉरी घेतली होती आणि स्वतःच चालवत होतो. त्या दिवसांत आमच्याकडे मालाच्या गाड्या म्हणजे पेट्रोलच्या. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवरही लोकांनी गाड्या रेटल्या. डिझेलची लॉरी दिसली की लोक वळून बघत. माझी तर दिसायच्या आधी कळायची. मेढ्याकडून तांदूळ घेऊन यायचो तेव्हा चढावर एवढा धूर सोडायची की रस्त्याकडेची पोरं "आगीनगाडी आली" म्हणून ओरडायची.

कोणी तरी सांगितलं, सांगलीला मिरजेच्या रस्त्याला चिंचेखाली एक पत्र्याची शेड आहे, तिथे जा. गेलो. आतून एक उंच, सडपातळ माणूस आला. कडक इस्त्रीची खाकी पँट, वर पांढरी टोपी, मिशा तेल लावून वळवलेल्या. हात तेवढे काळे. त्याने इंजिनकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीच्या मागे गेला, फळीवरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं.

"काय वाहतोस? कोळसा?"

"तांदूळ."

"मग तांदूळ खानारं कोळसा खात्यात म्हन की." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "आलास ते बरं केलंस. आता चा पी आन् बोलू नगंस."

मी दोन दिवस तिथे चहा पीत बसलो. तिसऱ्या दिवशी टोपी पांढरी राहिली आणि मी साताऱ्याला परतलो. त्यानंतर लॉरीला काही झालं नाही तरी सांगलीत आलो की माझे पाय त्या चिंचेखाली वळायचे.

मिस्त्री मूळचे शिराळ्याकडचे. घरी ऊस होता, थोरले भाऊ शेती बघायचे. हे पलटणीत गेले आणि तिथून गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. इराकातल्या वाळवंटात इटलीचे कैदी कामाला दिले होते. त्यांतला एक म्हातारा पिचकाऱ्यांचा कारागीर होता. यांना त्याची भाषा येईना, त्याला यांची. पण म्हाताऱ्याने हातात सुई दिली, म्हणजे पिचकारीतली ती पोलादी सुई, आणि तळहातावर बोटाने कशी गोल घासायची ते दाखवलं. हे जोर लावू लागले की म्हातारा म्हणायचा, "पियानो, पियानो." म्हणजे हळू, हळू. मिस्त्रींनी विद्या आणली आणि बरोबर तो शब्दही आणला. गिऱ्हाईक घाई करू लागलं की ते हात वर करून म्हणायचे, "पियानो, गड्या, पियानो." शेजारच्या सायकलवाल्याची अनेक वर्षं समजूत होती की मिस्त्री पलटणीत बाजा वाजवत असत. मिस्त्रींनी ती कधी दूर केली नाही. उलट एकदा विचारल्यावर म्हणाले, "सोडलं आता. बोटं राहिली न्हाईत तशी."

शेडच्या मागेच त्यांचं बिऱ्हाड. वहिनी कामेरीकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या, कमी बोलणाऱ्या. शहरात येताना त्यांनी एकच अट घातली होती म्हणे: म्हैस बरोबर येईल. त्यामुळे चिंचेच्या एका अंगाला इंजिनं आणि दुसऱ्या अंगाला म्हैस अशी वाटणी होती. मिस्त्री म्हशीला हात लावायला गेले की वहिनी आतून म्हणायच्या, "आवं, लांब. तुमच्या हाताच्या वासानं पान्हा चोरती ती."

"म्हस न्हवं, साहेब हाय तुझी," मिस्त्री पुटपुटायचे. पण हात मागे घ्यायचे.

मुलंबाळं नव्हती. त्याविषयी त्या घरात कधी बोलणं निघालेलं मी ऐकलं नाही.

मिस्त्री भांडायचे फार. सगळ्यात मोठं भांडण मी पाहिलं ते एका गुळाच्या व्यापाऱ्याशी. त्याची माझ्यासारखीच लॉरी होती. त्याचं म्हणणं, गाडी चढाला दमते, तेलाचा स्क्रू पिळून सोडा, जास्त तेल जाऊ द्या. मिस्त्री म्हणाले, "जास्त तेल जाईल, पर जळंल कशानं? हवा तेवढीच हाय. ताटात चार भाकरी वाढल्या म्हंजे पोट चौघांचं होत न्हाई." व्यापारी म्हणाला, धुराचं मला काय, माल पोचल्याशी कारण. मिस्त्रींनी त्याला शेडबाहेर काढलं. त्याने दुसरीकडून स्क्रू पिळून घेतला. काही आठवडे त्याची गाडी आम्हा सगळ्यांना मागे टाकून गेली, मागे काळं आभाळ सोडत. मग पिस्टन जळून रस्त्यात बसली. तेव्हा ती बैल लावून याच शेडमध्ये ओढत आणली. मिस्त्रींनी ती दुरुस्त केली, पण सगळा वेळ व्यापाऱ्याला इतकं बोलले की तो बिचारा चिंचेखालून उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

"एवढं कशाला बोलायचं, मिस्त्री?" मी म्हटलं.

"त्याला न्हाई बोललो. इंजिनाची बाजू मांडली. त्याला तोंड न्हाई न्हवं."

धुराचा एवढा राग का, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. एकदा म्हणाले, आईचे डोळे चुलीच्या धुराने गेले. एकदा म्हणाले, पलटणीत धूर दिसला की वरून बॉम्ब पडायचा. एकदा म्हणाले, "तेल काय फुकट येतंय व्हय?" तिन्ही खरं असेल. किंवा एखादा माणूस वाकडी भिंत बघू शकत नाही, तसंही असेल. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. कारण विचारायला जावं तर दर वेळी नवं कारण देतात.

मग एका साली माणदेशात पाऊस झालाच नाही. विहिरी आटल्या, कडबा संपला. माणसं कशीबशी तगली, जनावरांचे हाल सुरू झाले. म्हसवडच्या अलीकडे एका माळावर लोकांनी जनावरांची छावणी घातली. इकडे कृष्णाकाठी उसाची तोड चालू होती. उसाचा शेंडा, त्याला आम्ही वाडं म्हणतो, हिरवागार पडलेला असायचा. गावांनी ठरवलं की ते माणदेशात पाठवायचं. गाड्या कमी होत्या. मी माझी लॉरी घातली.

पहिल्याच खेपेला दोन गोष्टी कळल्या. एक, ओल्या वाड्याचं ओझं माझ्या लॉरीला विट्याकडच्या चढावर झेपत नाही. अर्धं वाडं खाली उतरवायचं, उरलेलं माथ्यावर टाकून यायचं, पुन्हा खाली येऊन राहिलेलं घ्यायचं. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. मिस्त्रींनी गाडी नीट करून आता बरेच महिने झाले होते, पिचकाऱ्या झिजल्या होत्या. त्यात जड ओझं आणि चढ. गाडी बैलगाडीच्या चालीने चालायची, वारा मागचा, धूर सगळा वळून वाड्यावर यायचा. वर ताडपत्री टाकावी तर ओलं वाडं आत तापून आंबायचं. सायलेन्सरचं तोंड मी एका कडेला वळवून पाहिलं, उपयोग झाला नाही.

छावणीत वाडं उतरवलं. जनावरं धावत आली. पहिल्या बैलाने तोंड खाली घातलं, हुंगलं आणि मान फिरवली. दुसऱ्यानेही तेच केलं. मला काही कळेना. एक म्हातारी आपला खिलार बैल धरून उभी होती. बैलाच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिने एक वाडं उचललं, स्वतः हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं.

"ह्याला राकेलचा वास येतुया, बाबा."

"उपाशी आहे, आजी. खाईल थोड्या वेळाने."

"न्हाई खायाचा. मानूस भुकंला काय बी खातंय. मुकं जनावर मरंल, पर ह्याला तोंड लावायचं न्हाई."

आतल्या पेंढ्यांना वास कमी होता. त्या जनावरांनी खाल्ल्या. वरचं सगळं तसंच पडून राहिलं आणि वाळलं.

सांगलीला आलो तो थेट चिंचेखाली. सगळं सांगितलं. एरवी अशा वेळी मिस्त्रींनी मला झोडलं असतं की पिचकाऱ्या वेळेवर का दाखवल्या नाहीस. या वेळी नुसते उठले, शेडमधून बाहेर आले आणि माझ्या गाडीच्या फळीला चिकटलेलं एक वाडं ओढून काढलं. पलीकडे जाऊन ते म्हशीपुढे धरलं. म्हैस हुंगून फुसकारली आणि मागे सरली.

वहिनी दारातून बघत होत्या. "काय चाललंय?"

"साहेबास्नी इचारतुया," मिस्त्री म्हणाले. पण आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

दुसऱ्या खेपेला ते माझ्याबरोबर आले. शेड बंद ठेवून मिस्त्री कुठे गेलेत असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चढावर खाली उतरून ते गाडीच्या मागून चालत राहिले, धुरातून, खोकत, कुठे किती धूर येतो ते बघत. छावणीत पोचलो. त्यांनी स्वतःच्या हाताने त्या म्हातारीच्या बैलाला वरचं वाडं भरवून पाहिलं. बैलाने त्यांच्या हाताला नाक लावलं आणि तोंड वळवलं.

"त्येला माझा हात बी नगं झालाय," मिस्त्री म्हणाले आणि तिथेच मातीत बसले.

म्हातारीला वाटलं, पाहुणा दमला. तिने लोटीभर पाणी आणून दिलं. त्या माळावर पाण्याची काय किंमत होती ते मिस्त्रींना कळत होतं. ते घोटभर प्यायले आणि उरलेलं त्यांनी बैलासमोर धरलं. ते मात्र तो प्याला.

परत येताना मिस्त्री तासगाव मागे पडल्यावर बोलले. "नुसतं दुरुस्त करून भागायचं न्हाई. तुझं इंजन बदलल्यागत करायला लागंल. पुरं ओझं एका दमात चढलं पायजे आन् मागं वास बी न्हाई आला पायजे."

"दोन्ही कसं होईल? तुम्हीच म्हणता, जास्त तेल म्हणजे जास्त धूर."

"एका नळीनं दिलं तर. चार बारीक नळ्यांनी दिलं तर?"

माझ्या पिचकारीच्या टोकाला मोठी, झिजलेली छिद्रं होती. मिस्त्रींना हवी होती जास्त छिद्रांची, पण प्रत्येक छिद्र बारीक असलेली टोकं. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्कराच्या भंगारात अशी टोकं त्यांनी पूर्वी पाहिली होती. ते जाऊन घेऊन आले. काही गंजलेली, काहींच्या सुया बसत नव्हत्या. मग ते एकेक सुई घेऊन बसले. डाव्या हाताचं पहिलं बोट आणि अंगठा यांत सुई धरून, तेलात बुडवून, गोल गोल घासायची. थांबायचं, बोटाने चाचपायचं, पुन्हा घासायची. ते बोट म्हणजे त्यांचा गज, त्यांचा तराजू, सगळं काही. हवा आत घेणारी नळीही त्यांनी मोठी करून घेतली, आतली मातीने तुंबलेली जाळी बदलली. "जेवायच्या आदी श्वास घिऊ दे बिचाऱ्याला."

पिचकारी बसवण्यापूर्वी ते ती एका हातपंपावर लावून बघायचे. दांडा दाबला की टोकातून तेलाचं धुकं उडायचं आणि समोर धरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर त्याचं फूल उमटायचं. फुलाच्या पाकळ्या सारख्या आल्या तर ठीक. त्या धुक्यात इतका जोर असतो की हात मध्ये आला तर तेल कातडीतून आत शिरतं. जवळ येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्यांदा लांब सारायचे. म्हणून पुढे जे झालं ते मला आजही खरं वाटत नाही.

शेवटची पिचकारी राहिली होती. सकाळची वेळ. गाडीत वाडं भरायला माणसं थांबलेली, छावणीतून निरोप आलेला की जनावरं मरायला लागली आहेत. एक पाकळी उमटत नव्हती. मिस्त्रींचा उजवा हात दांड्यावर होता. टोकावर कचरा दिसला म्हणून त्यांनी डावं बोट पुढे केलं, आणि उजव्या हाताने दांडा दाबला गेला.

"हात्तिच्या," एवढंच म्हणाले. बोटाच्या पेरावर सुईने टोचल्यासारखा ठिपका होता. रक्तसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, मिरजेच्या दवाखान्यात जाऊ या. वहिनी म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता जावा. मिस्त्री दोघांवर ओरडले. "डास चावला म्हनून डाक्टर? गाडी भरा तुमी!" त्यांनी बोट चिंधीत गुंडाळलं, ती पिचकारी साफ केली, पुन्हा बघितली, पाकळ्या आल्या, इंजिनात बसवली. वाडं भरलं. मी निघालो तेव्हा ते रस्त्यावर उभे होते आणि डावा हात काखेत दाबून धरला होता.

विट्याचा तो चढ आला. मी गिअर बदलला आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. लॉरी चढायला लागली. थांबली नाही. जिथे आम्ही वाडं उतरवायचो ते वळण गेलं, माथा आला. मी खाली उतरून मागे गेलो आणि वरच्या पेंढीत तोंड खुपसलं. उसाचा वास येत होता, नुसता उसाचा.

छावणीत त्या दिवशी वाडं जमिनीवर पडण्याआधीच जनावरांनी ओढायला सुरुवात केली. म्हातारीचा बैल डोळे मिटून रवंथ करत होता आणि ती त्याच्या मानेवरून हात फिरवत होती. "ते कुटं हाईत?" तिने विचारलं. "खोकत आलं हुतं ते?" मी म्हटलं, सांगलीत आहेत, पुढच्या खेपेला आणतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलो तर शेड बंद. वहिनी नव्हत्या. सायकलवाल्याने सांगितलं की रात्रीत हात खांद्यापर्यंत सुजला, पहाटे टांग्यातून मिरजेला नेलं. मी तसाच पुढे गेलो. दवाखान्यात मिस्त्री खाटेवर पडले होते, डाव्या हाताला मोठं पांढरं बंडल. डॉक्टरांनी पहिलं बोट मुळापासून काढलं होतं आणि मधलं अर्धं. लगेच आला असता तर कदाचित वाचलं असतं, असं ते वहिनींना म्हणाले होते.

मिस्त्रींनी डोळे उघडले.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"समद्यांनी?"

"समद्यांनी. खाली पडू दिलं नाही."

"त्या म्हातारीच्या बैलानं?"

"डोळे मिटून रवंथ करत होता, मिस्त्री."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. वहिनी उठून माझ्या आणि खाटेच्या मध्ये उभ्या राहिल्या, असं की मला ते दिसू नयेत. मग म्हणाल्या, "भावजी, गाडी भरायची असंल न्हवं? जावा तुमी."

मी निघालो. पाऊस लागेपर्यंत त्या पिचकाऱ्यांवर मी माणदेशात खेपा घातल्या. छावणीला वाडं नेणाऱ्या आणखी दोन लॉऱ्यांना मिस्त्रींनी पुढे तसंच करून द्यावं असं ठरलेलं होतं. त्या लॉऱ्या चिंचेखाली येऊन उभ्या राहिल्या, आणि आता खरी अडचण समोर आली.

दवाखान्यातून आल्यावर मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सुई हातात घेतली. अंगठा आणि तिसरं बोट यांत ती ठरेना. पडली. उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलली नाही, पायाने कामाच्या बाकाखाली ढकलली. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि समोर रस्त्याकडे बघत बसले. मी काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, एखादा हाताखालचा माणूस शिकवा. ते म्हणाले, "बोट शिकवता येत न्हाई, गड्या."

वहिनी शेण काढून येत होत्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, वाकून बाकाखालची सुई काढली आणि त्यांच्यापुढे बसल्या.

"दावा."

"काय दावू? जा म्हशीकडं."

"जात्यावर बसल्यावर पीठ जाड पडतंय का बारीक, ते मला बोटाला कळतंय. हे बी कळंल. दावा."

"धा वर्सं लागत्यात."

"मग आजपास्नं मोजा."

मिस्त्री चिडले, ओरडले, मग दमले आणि मग शिकवायला लागले. पहिल्या काही सुया वहिनींनी खराब केल्या. ते कपाळावर हात मारून "पियानो, पियानो" करायचे आणि त्या शांतपणे म्हणायच्या, "घाई तुमालाच हाय. मी हळूच करतीया." हंगाम संपत आला तेव्हा त्यांनी बसवलेली पहिली सुई हातपंपावर चढली. वर्तमानपत्रावर फूल उमटलं. मिस्त्रींनी तो कागद उन्हात धरला, उलटा केला, नाकाजवळ नेला. दोष काढायला जागा शोधत होते. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बगत काय बसलायस? त्यास्नी चा आन."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून बायकोसाठी "त्यास्नी" ऐकलं. त्यांनाही ते लक्षात आलं असावं, कारण लगेच ते कुणावर तरी ओरडायला बाहेर गेले.

पुढे काही वर्षं असंच चाललं. लोक आधी कुजबुजले, बाई बाकावर बसते म्हणून. मग गाड्या चढ चढू लागल्या आणि कुजबुज थांबली. मिस्त्री खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी भांडायचे, इंजिनाची बाजू मांडायचे. काम वहिनी करायच्या. म्हशीला आता दोघांच्याही हाताचा वास यायचा. तिने तो कधी पत्करला कोण जाणे.

एका उन्हाळ्यात मिस्त्री शिराळ्याकडे गावी गेले होते, तिथेच तापाने आजारी पडले आणि आठवड्यात गेले. मला उशिरा कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा चिंचेखाली एक लॉरी उभी होती आणि वहिनी बाकावर होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा केला. मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गाडीत ओझं हाय का?"

"आहे. बाजरीचं बी आहे, म्हसवडला चाललोय."

"मग थांबा." त्यांनी माझ्या पिचकाऱ्या काढल्या, एकेक पंपावर लावून पाहिली, एक सुई घासून बसवली. "जावा आता," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारी मी विट्याकडच्या चढाला लागलो. ओझं पुरेपूर होतं. लॉरी एका लयीत चढत माथ्यावर आली. तिथे मी एरवी थांबत नसे, त्या दिवशी थांबलो. खाली उतरून मागे पाहिलं. मी चढून आलो होतो तो सगळा रस्ता दिसत होता, वळणावळणाने पार पायथ्यापर्यंत. खाली एक बैलगाडी चालली होती, तिच्या बैलांची शिंगंसुद्धा दिसत होती. हवा निखळ स्वच्छ होती. हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो आणि मग गाडीत येऊन बसलो.